हेलिकॉप्टरला फोन कोणी करायचा?

मागच्या अंकात बोलता बोलता मी बिहारमधल्या कोसी नदीच्या पुरात आम्ही हेलिकॉप्टरनं केलेल्या कामाचा एका ओळीत उल्लेख केला आणि या वेळी पत्रांत तोच विषय जास्त आला. पेन्शन, कॅन्टीन कार्ड आणि मुलांच्या भरतीचे प्रश्न पुढच्या खेपेला घेईन. आज सगळं हेलिकॉप्टरचं.

प्रश्न : मेजर, नमस्कार. सांगलीवाडीत माझं किराणा मालाचं दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुकान पाण्यात गेलं आणि घराच्या गच्चीवर आम्ही सातजण दीड दिवस बसून होतो. वडील ऐंशीच्या घरातले, त्यांची साखरेची औषधं खाली पाण्यात. मी १०० लावला, मग १०८ लावला. १०८ वरची मुलगी चांगली बोलली, पण गाडी पाण्यातून येणार कशी? मी म्हटलं, मग हेलिकॉप्टर पाठवा. ती म्हणाली, ‘दादा, ते आमच्याकडं येत नाही.’ मग कोणाकडं येतं, ते तिलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट आली, सगळे सुखरूप निघालो. आता माझी मुलगी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाते. सराव परीक्षेत प्रश्न होता : पुढीलपैकी आपत्कालीन सेवा कोणती नाही? पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका, हवाई बचाव. क्लासचं उत्तर ‘हवाई बचाव’. मुलगी म्हणते हे चूक आहे. मी म्हणतो बरोबर असावं, अनुभव घेतलाय. तुम्हीच सांगा. – एक दुकानदार, सांगलीवाडी

उत्तर : आधी एक दुरुस्ती. मी मेजर नव्हे. आमच्या सातारा जिल्ह्यात माणूस भूदलातून येवो, नौदलातून येवो की हवाई दलातून, एसटीतून ट्रंक घेऊन उतरला की तो मेजर होतो. मी हवाई दलात एअरमन म्हणून लागलो आणि फ्लाइट गनर म्हणून निवृत्त झालो. नावात बंदूक असली तरी माझी बरीचशी नोकरी हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात पोटावर पडून, विंचची, म्हणजे माणूस वर ओढून घ्यायच्या यंत्राची, केबल खाली सोडण्यात गेली. पण भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे मेजर म्हणतात, तुम्हीही म्हणा.

परीक्षेत मुलीनं ‘हवाई बचाव’वरच खूण करावी. गुण मिळतील. भांडण मिटवायला एवढं पुरेल, पण तुम्ही दीड दिवस गच्चीवर काढलाय, तुम्हाला एवढ्यावर बोळवणं बरं दिसत नाही.

कुठल्याही गावच्या अग्निशमन केंद्रात दुपारच्या वेळी डोकावून बघा. एकजण पेपर वाचत असतो, दोघंतिघं कॅरमभोवती, बंब बाहेर धुऊन पुसून उभा. लोक म्हणतात, फुकटचा पगार खातात. अहो, तो पगार बसून राहण्याचाच आहे! आग लागेल तेव्हा माणूस शोधायला जायला लागू नये म्हणून त्याला आधीच आणून बसवलेलं असतं. आपत्कालीन सेवेची माझी खूण एवढीच : कोणीतरी तुमच्या संकटाची वाट बघत पगारावर बसलेलं असतं, आणि त्याच्यापर्यंत पोचणारा नंबर तुमच्या पोराबाळांना पाठ असतो. २०१४ च्या आधी आपल्याकडं रुग्णवाहिका होत्याच की. दवाखान्याच्या होत्या, कारखान्याच्या होत्या, पुढाऱ्यांच्या नावाच्या तर गल्लोगल्ली होत्या. पण २६ जानेवारी २०१४ ला १०८ सुरू झाला, राज्यभर ९३७ गाड्या डॉक्टरसकट उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं तिला सेवा म्हणता आलं. त्याआधी ओळख होती तर गाडी होती.

हेलिकॉप्टर अजून त्या ‘ओळख’ असलेल्या काळात आहे.

आता गंमत ऐका. आम्हीसुद्धा बंबवाल्यांसारखे बसून असायचो. तळावर लढाऊ विमानांचं उड्डाण चालू असलं की एक हेलिकॉप्टर तयार ठेवलेलं असायचं, आम्ही क्रू रूममध्ये चहा पीत. कुणा पायलटला विमानातून उडी टाकायला लागली तर त्याला उचलायला. भोंगा वाजला की पळत सुटायचं. म्हणजे हवाई बचाव ही पक्की आपत्कालीन सेवा आहे, पण ती आमच्या घरातली. नागरी विमानांचंही तसंच. १९४४ साली शिकागोला देशांनी विमान वाहतुकीचा करार केला, त्याचं बारावं परिशिष्ट शोध आणि बचाव यावरच आहे. त्यापायी आपल्याकडं दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईला बचाव समन्वय केंद्रं आहेत. विमान कोसळलं तर त्यातलं छोटं यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर आपणहून हाक मारतं, ती उपग्रहामार्फत बंगळूरच्या इस्रोच्या केंद्रात पोचते आणि तिथून शोध चालू होतो. कोकणातला मच्छीमार समुद्रात अडकला तर त्याला तटरक्षक दलाचा १५५४ आहे. म्हणजे आभाळातून पडणाऱ्याची सोय आहे, दर्यात बुडणाऱ्याची आहे. कृष्णेकाठच्या गच्चीवर बसणाऱ्यासाठी कुठं करार झालेला नाही.

तुमच्यासाठी जे आहे ते असं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष. हेलिकॉप्टर हवं हे त्यांनी ठरवायचं, मंत्रालयातल्या राज्य नियंत्रण कक्षाला कळवायचं, राज्यानं संरक्षण दलांकडं मागणी करायची. अगदी जीव जायची वेळ असेल तर जवळच्या तळाचा कमांडर कागद मागाहून घेतो आणि आधी माणसं पाठवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याला ‘मुलकी प्रशासनाला मदत’ म्हणतात. मदत हा शब्द नीट वाचा. शेजारी नांगरणीला बैल देतो, तशी ती. त्याची पेरणी चालू असेल तर तो नाही म्हणू शकतो.

पुणे ते सांगली सरळ रेषेत साधारण दोनशे किलोमीटर. हवाई दलाचं एमआय १७ हेलिकॉप्टर तासाभरात येतं. त्याच्या मागचापुढचा वेळ सगळा निरोपांचा. म्हणून पुढच्या खेपेला १०० आणि १०८ च्या आधी १०७७ लावा. तो जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर. राज्याचा १०७०. हेलिकॉप्टर मागायचा अधिकार तुम्हाला नाही, पण ज्याला आहे त्याच्या टेबलावर तुमची गच्ची नोंदली जाईल. फोनवर ‘हेलिकॉप्टर पाठवा’ एवढंच म्हणू नका. किती माणसं, किती म्हातारी, कुणाला कसलं औषध, गच्चीला जिना आहे का, वरून तारा जातात का, हे सांगा. काय पाठवायचं ते त्यांना ठरवू द्या.

कारण खरं सांगायचं तर त्या दिवशी तुम्हाला बोटच हवी होती. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. सांगलीवाडीत घराला घर लागून, गल्लीत तारा, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, पत्र्याच्या शेड. एमआय १७ चा पंखा २१ मीटर व्यासाचा आहे. तुमची अख्खी आळी त्याच्याखाली येते. तो स्थिर उभा राहिला की खाली जो वारा सुटतो त्यात पत्रा पतंगासारखा जातो. विंचनं एका वेळी एक, फार तर दोन माणसं वर. सातजणांना वर घेईपर्यंत हेलिकॉप्टर एका जागी लटकून राहणार. तेवढ्यात चांगली बोट दहाजणांना काढते. बोट चांगली हवी आणि त्यात मोजकीच माणसं हवीत, हे त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा आपल्याला कसं दिसलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मागच्या अंकात कोसीचं लिहिलं होतं, त्यातलं एक सांगायचं ठेवलं होतं. २००८ साली नेपाळात कुसहाला बांध फुटला आणि नदीनं पात्रच बदललं. सुपौल, मधेपुरा या जिल्ह्यांवर आम्ही खाण्याची पाकिटं टाकत फिरत होतो. एका उंचवट्यावर एकच झोपडी शिल्लक होती आणि तिच्या छपरावर एक बाई दोन लेकरांना घेऊन. विंच करताना पायलटला पोटाखालचं काही दिसत नाही. दारात पडलेला गनर त्याचे डोळे असतो. ‘पुढं दहा, पाच, तीन, दोन, स्थिर. डावीकडं एक. स्थिर.’ असं सतत बोलत राहायचं, थांबलास की संपलं. मी बोलत होतो, पायलट उतरत होता, आणि स्थिर म्हणेपर्यंत आमच्याच वाऱ्यानं त्या झोपडीचं गवत पेंढीपेंढीनं उडायला लागलं. बाई लेकरांवर पालथी पडली. मी ‘वर, वर, वर’ ओरडलो. आम्ही वर गेलो, लांबून फिरून जास्त उंचीवरून केबल सोडली, तिघंही वर आली. धाकटं पोर माझा अंगठा धरून बसलं होतं, सोडेना. पण जिला वाचवायला गेलो तिच्या डोक्यावरचं छप्पर आम्ही उडवलं होतं. तिनं ते काही बोलून दाखवलं नाही. नुसतं वाकून खाली बघत राहिली. आजही टीव्हीवर हेलिकॉप्टर दिसलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की मला ते उडणारं गवत दिसतं.

मग ही सेवा कधी होईल? सरकारची असली तरच, असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये रेगा म्हणून संस्था आहे, १९५२ ची. सरकारी नाही, पस्तीस लाखांवर लोक वर्षाला थोडी वर्गणी देतात त्यावर चालते. पण तिचा नंबर १४१४ तिथल्या पोराला पाठ असतो आणि डॉक्टर, पायलट तयार बसलेले असतात. (डोंगरात जखमी झालेल्या गाईसुद्धा ते उचलून आणतात. आमच्या जावळीतल्या गवळ्यांना सांगितलं तर आजच वर्गणी भरतील.) इंग्लंडमधली हवाई रुग्णवाहिकाही बरीचशी देणग्यांवर उडते. आपल्याकडं ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋषिकेशच्या एम्सनं हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू केली. मे २०२५ मध्ये केदारनाथला उतरताना तिची शेपटी मोडली, आतले तिघं वाचले. तरी मी त्या प्रयोगाकडं आशेनं बघतो, कारण तिथं पहिल्यांदा हेलिकॉप्टर दवाखान्याच्या दारात, दवाखान्यासाठी म्हणून उभं राहिलं.

मुलीला सांगा, वस्तुनिष्ठ पेपरात क्लासचं उत्तर लिही. मुख्य परीक्षेला बसशील तेव्हा स्वतःच्या मनातलं उत्तर लिही, आणि त्यात बापाचा दीड दिवस घाल.

प्रश्न : काका, मी वाईचा. दर रविवारी आम्ही किल्ल्यावर जातो. दरीत कोणी पडलं की तीन-चार तास दोर लावून काढावं लागतं. एवढ्या पर्यटकांच्या जिल्ह्यात पाचगणीच्या टेबललँडवर एक हेलिकॉप्टर कायमचं ठेवलं तर? परदेशात ठेवतात. – एक ट्रेकर, वाई

उत्तर : ठेवा. नोव्हेंबर ते मे ते उपयोगी पडेल. पण माणसं दरीत जास्त कधी पडतात? जून ते सप्टेंबर. शेवाळ, धबधबे, धुकं आणि मोबाईल.

मी गोडोलीत राहतो. माझ्या गच्चीवरून अजिंक्यतारा आणि त्याच्यावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो. पावसाळ्यात सकाळी चहा घेऊन वर गेलो की मी पहिल्यांदा तो मनोरा शोधतो, नोकरीची सवय. दिसला तर आज हेलिकॉप्टर उडेल. नाही दिसला तर विसरा. जुलैत आठवडेच्या आठवडे दिसत नाही. अजिंक्यताऱ्याची ही कथा, तर कास, बामणोली, कोयनेच्या खोऱ्याचं काय सांगू? त्यात चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या. ढगात त्यांची पाती पायलटला दिसत नाहीत. कोयनेकडून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा दरी ओलांडून जातात. हेलिकॉप्टरवाल्याला वादळापेक्षा तारेची भीती जास्त असते, कारण वादळ निदान दिसतं.

२०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या तेव्हाचं आठवा. चार दिवसांनी खुद्द मुख्यमंत्री पाहणीला निघाले, त्यांचं हेलिकॉप्टर हवामानामुळं कोयनानगरला उतरू शकलं नाही, परत पुण्याला गेलं. राज्यात ज्याला हेलिकॉप्टर सगळ्यात लवकर मिळतं त्याची ही गत. दरडीखालच्या माणसाला ते कुठून मिळणार?

फेब्रुवारी २०२२ मधल्या दोन गोष्टी सांगतो. एकाच महिन्यातल्या. केरळात पालक्काडजवळ एक तरुण डोंगराच्या कपारीत चाळीस तासांहून जास्त अडकला. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर आलं, पण कडा आणि वारा असा की जवळ जाता येईना. शेवटी लष्कराच्या गिर्यारोहकांनी वरून दोर सोडला आणि छातीशी बांधून त्याला वर आणलं. दोन आठवड्यांत कर्नाटकात नंदी हिल्सवर एक पोरगा तीनशे फूट घसरला, त्याला हवाई दलाच्या एमआय १७ नं अलगद उचललं. दोन्हीकडं फेब्रुवारीची स्वच्छ हवा. फरक कड्याच्या आकाराचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झारखंडात त्रिकूट डोंगरावर रोपवे अडकला. आमच्या लोकांनी दोन-तीन दिवस अधांतरी पाळण्यांतून माणसं काढली. चाळिसावर वाचली, पण वर घेताना दोघं खाली पडून गेले. विंचवरून माणूस सुटणं म्हणजे काय, ते गनरलाच विचारावं. मी विचारत नाही.

म्हणून माझं मत ऐकायचं असेल तर टेबललँडवर हेलिकॉप्टर नंतर ठेवा, आधी दोरवाल्यांकडं बघा. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली. आतल्यांपैकी एकच जिवंत वर आला. त्या पावसात खाली उतरून एकेक देह वर आणणाऱ्यांत महाबळेश्वर-पोलादपूरकडची ट्रेकर पोरं होती. कोण आहेत ती? कोणी हॉटेलात कामाला, कोणी गाईड, कोणाचं चप्पलचं दुकान. २०२४ च्या पावसाळ्यात ठोसेघरच्या रस्त्यावर बोरणे घाटात सेल्फी घेताना एक मुलगी दरीत गेली, तिलाही असाच दोर लावून वर घेतलं. या पोरांना पगार नाही, विमा असला तर आपल्या खिशातला. पोलिस मात्र पहिला फोन यांनाच करतात. सांगलीवाडीच्या दुकानदारांच्या मुलीच्या प्रश्नपत्रिकेत पाचवा पर्याय घालायचा झाला तर मी हा घालीन.

रविवारी किल्ल्यावर जाता ना? जाताना एकाचा तरी फोन विमान मोडवर ठेवा, बॅटरी उरते. आणि कधी खरोखरच हेलिकॉप्टर डोक्यावर आलं तर एक हात हलवून टाटा करू नका. आमच्या भाषेत एक हात वर, एक खाली म्हणजे ‘मदत नको’. दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे, म्हणजे ‘हवी’. जमिनीवर कपडे पसरून मोठा व्ही केला तर मदत हवी, एक्स केला तर डॉक्टर हवा. केबल खाली आली की झेप घालून हुक धरायचा नाही. पंख्याच्या घर्षणानं हेलिकॉप्टरवर वीज साठलेली असते, हुक आधी जमिनीला टेकू द्यायचा. एका जवानानं घाई केली होती, तो उडून मागं पडला. उठला आणि मला जी शिवी दिली ती या अंकात छापता येणार नाही.

प्रश्न : आमच्या माण तालुक्यात पूर कधी येत नाही, आला तर आम्ही आरती ओवाळू. पण विचारतो, हेलिकॉप्टरनं वाचवलं तर त्याचं बिल कोण भरतं? गावात एकजण म्हणतो तासाला लाखभर घेतात. – दहिवडी

उत्तर : वाचलेल्या माणसाकडून काही घेत नाहीत. तुमच्या सातबाऱ्यावर बोजा चढत नाही, निर्धास्त राहा. हिशोब होतो तो सरकारा-सरकारांत. संरक्षण दलं राज्याला बिल पाठवतात. २०२४ साली वायनाडच्या दरडीनंतर केंद्रानं केरळकडं आधीच्या वर्षांच्या मोहिमा धरून सुमारे १३२ कोटी मागितले आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर हा कागद असावा, पण दरड उकरायचं चालू असताना तो टपालात पडू नये.

तुमच्या गावातला माणूस जे म्हणतो ते बहुतेक खाजगी हवाई रुग्णवाहिकेबद्दल. पेशंटला एका दवाखान्यातून दुसऱ्या शहरात विमानानं न्यायचं, त्याचे काही लाख होतात. ती भाड्याची गाडी आहे, जरा उंचावरून जाणारी. पैसे आधी, उड्डाण मग. तिला बचाव म्हणू नका.

प्रश्न : भाऊ, मी पाटण तालुक्यातल्या एका डोंगरातल्या गावची सरपंच आहे. २०२१ ला आमचा रस्ता सहा दिवस तुटला होता, एका गरोदर मुलीला डालात बसवून ओढा पार करावा लागला. आता ग्रामपंचायतीनं ठराव केलाय की गावात हेलिपॅड करायचं. जागा दोन आहेत. एक शाळेचं मैदान, एक वरच्या वाडीजवळचा गायरानाचा माळ. इंजिनिअर आले तर खर्चाचंच बोलतात. तुम्ही सांगा, कोणती जागा घ्यावी? – पाटण तालुका

उत्तर : ताई, सगळ्या पत्रांत हे मला जास्त आवडलं. रस्ता तुटायच्या आधी विचारलंत.

सिमेंटचं गोल करायच्या भानगडीत पडू नका. एमआय १७ ला साधारण पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद मोकळी जागा लागते, आणि एक तरी बाजू अशी हवी की तिकडून येताना झाड, खांब, तार आडवी येणार नाही. हेलिकॉप्टर लिफ्टसारखं सरळ खाली येतं असं लोकांना वाटतं. भरलेलं हेलिकॉप्टर तिरकं येतं आणि तिरकंच जातं, त्याला यायला-जायला मोकळी वाट लागते. पावसात चिखलात चाक रुतणार नाही अशी मुरमाड जमीन बघा. उतार फार नको, ताट ठेवलं तर आमटी सांडणार नाही एवढाच चालेल.

तुमचं वर्णन वाचून मला माळ बरा वाटतो. शाळेच्या मैदानाला झेंड्याचा खांब असणार, कडेनं विजेची लाइन असणार, आणि हेलिकॉप्टर आलं की अख्खं गाव तिथंच गोळा होणार. पण माळावर जायची वाट ओढ्यातून असेल तर त्याचा उपयोग नाही. पेशंटला डालातून माळापर्यंत न्यायला किती वेळ लागतो ते पावसात एकदा चालून बघा. मी सातारला बसून सांगण्यात अर्थ नाही.

जागा ठरली की मोबाईलवरून तिचे अक्षांश-रेखांश काढा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवून ठेवा. तेच आकडे तहसील कार्यालयात आणि १०७७ वाल्यांकडं लेखी देऊन पोच घ्या. हा खर्च दोनशे रुपयांचा, पण रात्री फोनवर ‘अमक्या देवळाच्या वरल्या अंगाला’ असं सांगण्यापेक्षा फार मोलाचा. मैदानावर खूण करायची असेल तर फक्कीनं एच काढा. विटा, चुन्याचे दगड, पांढऱ्या गोण्या मांडू नका, सगळं उडून पंख्यात येतं. वारा कळण्यासाठी काठीला जुनं धोतर बांधा, पण मैदानाच्या कडेला, मधोमध नको.

उतरताना कोणी जवळ यायचं नाही. माणसं मैदानाच्या एका बाजूला बसवायची, पदर खोचून, टोप्या हातात घेऊन, लहान पोरांना कडेवर धरून. जनावरं आधीच लांब बांधायची, बैल बुजला तर त्याला कोणी आवरू शकत नाही. आतला माणूस हातानं बोलावेल तेव्हाच जायचं, पुढच्या अंगानं, त्याला दिसेल असं, कमरेत वाकून. शेपटीकडं कोणीही जायचं नाही. तिथला छोटा पंखा फिरताना दिसत नाही.

राहिलं ते गायरानातलं आंब्याचं झाड. तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की ते तोडायचं का. माळाच्या नकाशावर तुम्ही ते पश्चिमेच्या कोपऱ्यात दाखवलंय. पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो आणि हेलिकॉप्टर वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणजे ते पूर्वेकडून येईल. जाताना मात्र आंबा समोर येईल. एच पूर्वेला वीस-पंचवीस पावलं सरकवून काढा, आंबा राहू द्या. शाळेच्या पत्र्यांवर सध्या दगड ठेवलेले असतील, ते उतरवून घ्या आणि पत्र्यांना जे-हुक मारून घ्या. माळापासून शाळा किती लांब ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मारूनच घ्या.